सोडलेली जागा : चिनी शाईचित्रांतले डोंगर आणि पाणी



चिनी चित्रकला हा विषय आणि खडेबाजारातला होमिओपॅथीचा डॉक्टर हा वक्ता, ही जोडी तुम्हाला थोडी चमत्कारिक वाटली असणार. पत्रिका हाती पडल्यावर एका ज्येष्ठ स्नेह्यांनी दवाखान्यात येऊन विचारलेही, “काय डॉक्टर, शाकाहारी चायनीजवर बोलणार की काय?” त्यांना म्हटले, पदार्थ शाकाहारीच आहे, फक्त ताटात थोडे वाढलेले असते आणि बरेच ताट मोकळे असते. आजचा सगळा विषय त्या मोकळ्या ताटाचाच आहे.

चीन म्हटले की आपल्या मराठी घरांत काय आठवते? सर्वांत आधी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करता करता १९४२ च्या डिसेंबरात तिथेच वारले. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून ते घराघरांत पोहोचले. त्यानंतर आठवते ते १९६२ चे युद्ध. आणि अलीकडे बाजारातल्या दिव्यांच्या माळा, खेळणी, मोबाइल. या तिन्हींच्या मागे एक फार जुना चीन आहे. तिथले शिकले-सवरलेले लोक हजार-बाराशे वर्षे एकच विषय पुन्हा पुन्हा काढत राहिले : डोंगर आणि पाणी. तेही बहुधा एकाच काळ्या शाईने.

या चित्रपरंपरेला चिनी भाषेत शब्दच आहे ‘शान-श्वे’. शान म्हणजे डोंगर, श्वे म्हणजे पाणी. आपण ‘निसर्गचित्र’ म्हणतो तेव्हा नुसते दृश्य डोळ्यांपुढे येते. शान-श्वे म्हणताना एक स्थिर आणि एक वाहणारे, एक उंच आणि एक सखल अशा दोन गोष्टींची जोडी समोर येते. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. बेळगावच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आषाढात जांबोटीकडे किंवा आंबोलीकडे गेलात की डोंगर कुठे संपला आणि पाणी कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही.

आधी साहित्याची ओळख करून घेऊ, कारण तिथूनच आपला आणि त्यांचा धागा जुळतो. या पेठेतल्या जुन्या पेढ्यांवर कीर्द-खतावणी मोडीत लिहिली जाई. काजळी आणि बाभळीचा डिंक खलून शाई करत, ती दौतीत भरत आणि बोरूने लिहीत. तुमच्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत अशा वह्या अजून असतील. शंभर-सव्वाशे वर्षांत कागद पिवळा पडला, वाळवीने कडा खाल्ल्या, पण अक्षर जसेच्या तसे काळे आहे. चिनी शाईही तशीच, काजळीची. पाइनचे लाकूड किंवा तेल जाळून काजळी धरायची, ती सरसात मळायची, साच्यात दाबून कांडी करायची आणि सावकाश वाळवायची. आपल्याकडे झाडाचा डिंक, त्यांच्याकडे प्राण्याचा सरस. मी जैन आहे, तेव्हा हा फरक माझ्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. चित्र काढायच्या वेळी दगडी उगाळणीवर थोडे पाणी घेऊन ती कांडी उगाळायची, आपण सहाणेवर चंदन किंवा मात्रा उगाळतो तशी. शाई तयार व्हायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चित्रकाराचे मनही निवळत असावे असे मला वाटते.

ब्रश, शाई, कागद आणि उगाळणी यांना चिनी लोक अभ्यासिकेतील चार रत्ने म्हणतात. लिहायलाही हीच चार, चित्र काढायलाही हीच चार. म्हणून तिथे सुलेखन आणि चित्रकला ही सख्खी भावंडे. मोडी लिहिणारा कारकून हात न उचलता ओळ पुढे नेतो आणि अक्षरांच्या वळणावरून ‘हे अमक्याचे अक्षर’ असे जाणकार सांगतो. चिनी रसिक डोंगराची कड पाहून तसेच चित्रकाराला ओळखतो. त्या रेषांच्या तऱ्हांना नावेही मोठी मजेशीर आहेत. खडकाचा खडबडीतपणा दाखवणाऱ्या एका तऱ्हेला ‘पावसाचे थेंब’ म्हणतात, मऊ मातीचे डोंगर दाखवणाऱ्या लांब सैल रेषांना ‘तागाचे तंतू’, तर कडा तासल्यासारख्या फटकाऱ्यांना ‘कुऱ्हाडीचे घाव’.

शाई एकच, मग रंगांचे काय? त्यांचे म्हणणे असे की शाईतच पाच रंग आहेत. पाणी कमी-जास्त करून गडद काळ्यापासून धुरकट करड्यापर्यंत छटा मिळतात. सोयीचे काही नसते, कारण कागद किंवा रेशीम शाई चटकन पिऊन टाकते. तैलरंगात चुकले तर वरून दुसरा थर देता येतो, पेन्सिल खोडता येते. इथे टेकवलेला ब्रश परत घेता येत नाही. म्हणून तिथे चित्रकार काढण्याआधी पुष्कळ वेळ नुसता पाहतो, फिरतो, बसतो.

आता चित्रांकडे वळू. चित्र कशासाठी काढायचे, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला डॉक्टर म्हणून फार जवळचे वाटते. पाचव्या शतकात झोंग बिंग नावाचा विद्वान होऊन गेला. आयुष्यभर तो डोंगर हिंडला. म्हातारपण आले, आजारपण आले, पाय चालेनात. तेव्हा त्याने पाहिलेले डोंगर आपल्या खोलीच्या भिंतींवर काढले आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांतून प्रवास करू लागला. ‘पडल्या पडल्या प्रवास’ असा चिनी भाषेत त्यावरून वाक्प्रचारच झाला. माझ्या दवाखान्यात रोज गुडघ्यांचे रुग्ण येतात. एके काळी चैत्र यात्रेला जोतिबाचा डोंगर चढलेली, येळ्ळूरच्या गडावर धावत गेलेली ही माणसे. आता दोन मजले चढून स्वतःच्या गच्चीवर जाणेही त्यांना होत नाही. मुले पुण्यात, बेंगळुरूत, काहींची त्याहून लांब. त्यांच्याशी बोलताना मला या म्हाताऱ्या झोंग बिंगची आठवण येते. पाय थांबल्यावर डोंगर कुठे ठेवायचा हा प्रश्न पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही पडला होता.

सहाशे वर्षांनी, अकराव्या शतकात गुओ शी नावाचा दरबारी चित्रकार झाला. त्याचे विचार त्याच्या मुलाने लिहून ठेवले. त्याचे सांगणे साधे आहे. डोंगरात जाऊन राहावे असे प्रत्येकालाच वाटते, पण ज्याच्यावर आई-वडिलांची, राज्याची, संसाराची जबाबदारी आहे त्याने सगळे टाकून जाणे बरे नव्हे. मग त्याने करायचे काय? चांगल्या चित्रकाराने त्याच्यासाठी डोंगर घरात आणावा. म्हणजे हे चित्र संन्याशासाठी काढलेले नाही, घर न सोडणाऱ्या गृहस्थासाठी काढलेले आहे. गुओ शी डोंगराला जिवंत शरीर समजतो : पाणी त्याच्या रक्तवाहिन्या, झाडेझुडपे त्याचे केस, धुके त्याच्या चेहऱ्याची कांती. वैद्याने लिहावे तसे हे वर्णन आहे. त्याचे १०७२ सालचे ‘वसंताची चाहूल’ हे चित्र आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे.

गुओ शीने डोंगर पाहण्याचे तीन मार्ग सांगितले. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे मान वर करून पाहणे, पुढच्या डोंगरावरून मागच्या डोंगरांच्या रांगांत खोलवर पाहणे आणि जवळच्या टेकडीवरून दूर पसरत गेलेली मोकळी जमीन पाहणे. युरोपीय पद्धतीच्या चित्रात पाहणारा एका जागी उभा असतो. रस्ता दूर जाताना निमुळता होतो, सगळ्या रेषा एका बिंदूला मिळतात. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून आपल्याकडे हीच पद्धत आली आणि आपल्या डोळ्यांना तिची सवय झाली. चिनी चित्रात हे तिन्ही मार्ग एकाच कागदावर असू शकतात. तिथे पाहणारा चालतो आहे, असे धरलेले असते.

म्हणून लांब आडव्या चित्रांची गुंडाळी असते, जुन्या जन्मपत्रिकेसारखी. ती भिंतीवर टांगायची नसते. टेबलावर ठेवून उजवीकडून थोडी उलगडायची, दोन हातांत मावेल तेवढेच पाहायचे, पाहिलेले गुंडाळत पुढचे उलगडायचे. घाटातल्या एका वळणावर पुढचे वळण दिसत नाही, तसेच हे.

आता त्या मोकळ्या ताटाकडे येतो. फान कुआन या चित्रकाराचे इसवी सन १००० च्या आसपासचे ‘डोंगर-ओढ्यांतले वाटसरू’ हे चित्र दोन मीटरहून थोडे जास्त उंच आहे. वरचा दोनतृतीयांश भाग एका प्रचंड कड्याने भरलेला. खाली उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढी माणसे आणि ओझ्याची जनावरे चालली आहेत. चित्रकाराने आपले नाव इतके लहान, झाडाच्या पानांत लपवून लिहिले होते की ते १९५८ साली, म्हणजे साडेनऊशे वर्षांनी सापडले. पण मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते वाटसरू आणि कडा यांच्या मधले धुके. तिथे जवळजवळ काहीच काढलेले नाही. त्या न काढलेल्या पट्ट्यामुळेच कडा उंच होतो. तो पट्टा झाडे-खडकांनी भरला असता तर कडा हाताच्या अंतरावर आला असता.

पुढे दोनशे वर्षांनी ही मोकळी जागा आणखी वाढली. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ सालची. तिच्या छतावरचे दगडी कमळ आपण सर्वांनी मान वर करून पाहिले आहे. रट्ट राजांच्या काळात इथे ते कमळ कोरले जात होते, त्याच सुमारास हांगझोऊच्या दरबारात मा युआन चित्रे काढत होता. लोक त्याला ‘एका कोपऱ्याचा मा’ म्हणत, कारण तो सगळे काही एका कोपऱ्यात काढी आणि उरलेला भाग मोकळा सोडी. त्याचे म्हणून ओळखले जाणारे एक चित्र तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एक छोटी होडी, तिच्यात गळ टाकून वाकून बसलेला एक कोळी आणि होडीभोवती चार बारीक लाटा. बस. बाकी रेशीम तसेच आहे. तरी ते पाहताना कोणीही म्हणेल की हे मोठे, थंड, शांत सरोवर आहे. पाणी काढलेले नाही, पण पाणी दिसते.

इथे श्रोत्यांतून कोणीतरी मनात म्हणेल, मग कोराच कागद टांगा की! तो प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की होडी आणि त्या चार लाटा काढून टाकल्या तर पाणीही जाते. कोरा कागद आपोआप बोलत नाही, त्याला बोलते करण्यासाठी शेजारी नेमकी रेषा लागते. कमी काढणे सोपे नाही. काय सोडायचे हे कळण्यासाठी सगळे काढता यावे लागते.

दवाखान्यात मी हे वेगळ्या वाटेने शिकलो. होमिओपॅथीत केस घेणे हा मोठा भाग असतो. नवा डॉक्टर प्रश्नांवर प्रश्न विचारतो. रुग्ण सांगत असतो, “झोप येत नाही, भूक नाही, डोके दुखते…” आणि मधेच थांबतो, खिडकीबाहेर पाहतो. नवा डॉक्टर तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकतो. अनुभवी डॉक्टर गप्प बसतो. मग थोड्या वेळाने रुग्ण जे बोलतो त्यासाठीच तो आलेला असतो. ती थांबलेली जागा म्हणजे काही राहून गेलेले असे नव्हे. पुष्कळदा सगळी केस तिथेच असते.

आमच्या धर्मात बाह्य तपांमध्ये एक तप सांगितले आहे, ऊनोदर. भूक आहे त्यापेक्षा थोडे कमी खायचे, पोटात थोडी जागा सोडायची. उपवासापेक्षा हे अवघड, कारण उपवासात ताट समोर नसते. इथे ताट समोर असते, सुगरणीने प्रेमाने वाढलेले असते, आणि आपण हात आखडता घ्यायचा असतो. मा युआनच्या हातात शाई होती, रेशीम होते, कौशल्य तर होतेच. त्याने हात आखडता घेतला.

यावरून नी झान आठवतो. चौदाव्या शतकातला हा श्रीमंत घरचा माणूस. पुस्तके, जुन्या वस्तू, चित्रे यांचा मोठा संग्रह बाळगणारा. देशात मंगोल सत्तेचा शेवटचा, धामधुमीचा काळ आला तेव्हा त्याने मालमत्ता वाटून टाकली आणि अनेक वर्षे सरोवरांवर होडीतून हिंडत, कधी मठात, कधी मित्रांकडे राहिला. त्याची चित्रे पाहा. पुढे चार-पाच उघडी झाडे, एक रिकामी झोपडी, मधे रुंद पाणी, पलीकडे बुटक्या टेकड्या. माणूस नाही, पक्षी नाही, होडीही नाही. पेठेतल्या माणसाला संग्रह म्हणजे काय हे चांगले माहीत असते. ज्याच्याकडे काही नव्हते त्याने रिकामी झोपडी काढली असती तर ते दुःख वाटले असते. ज्याच्याकडे सगळे होते त्याने ती काढली, म्हणून तिच्यात शांतता आहे.

नी झानचाच वडीलधारा समकालीन हुआंग गोंगवांग. हा पूर्वी सरकारी कचेरीत कारकून होता, एका प्रकरणात तुरुंगातही गेला. सुटल्यावर ताओ मार्गाला लागला आणि उतारवयात चित्रकार झाला. ऐंशीच्या घरात असताना त्याने एका स्नेह्यासाठी ‘फूछुन डोंगरातला निवास’ ही गुंडाळी काढायला घेतली. वर्षानुवर्षे ती सोबत ठेवून, मनात येईल तेव्हा थोडी थोडी काढत राहिला. १३५० साली त्याने तिच्यावर मजकूर लिहिला तेव्हाही ती पूर्ण झाली नव्हती. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला घाई नव्हती, हे आपल्यातल्या ज्येष्ठांनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

या गुंडाळीचे पुढे जे झाले ते सांगण्यासारखे आहे. तीनशे वर्षांनी ती ज्याच्याकडे होती त्याचा तिच्यावर इतका जीव की मरताना ती आपल्याबरोबर जाळावी असे त्याने सांगितले. १६५० च्या सुमाराची ही गोष्ट. गुंडाळी आगीत टाकली, पण पुतण्याने दुसरी एक गुंडाळी आगीत सारून ही बाहेर ओढली. तोवर मधला भाग जळून चित्राचे दोन तुकडे झाले होते. लहान तुकडा अर्ध्या मीटरच्या आसपास, मोठा सहा मीटरहून अधिक. दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मोठा तुकडा अठराव्या शतकात छ्येनलोंग बादशहाच्या दरबारात पोहोचला. पण त्याच्या आदल्याच वर्षी बादशहाकडे त्याच चित्राची एक नक्कल आली होती आणि तीच अस्सल असे त्याने ठरवून टाकले होते. बादशहाला लिहिण्याची भारी हौस. जिथे जिथे मोकळी जागा दिसली तिथे त्याने आपले अभिप्राय लिहिले, पन्नासहून अधिक वेळा. आकाश भरले, पाणी भरले. मग खरे चित्र आले. आता आपण आधीच निकाल दिला आहे म्हटल्यावर बादशहाने खऱ्यालाच नक्कल ठरवले आणि बाजूला ठेवून दिले. त्यामुळे खऱ्या चित्राचे आकाश वाचले. ही गोष्ट मी कितीदा तरी मनात घोळवली आहे. सत्तेला मोकळी जागा पाहवत नाही, तिथे आपली सही हवी असते. आणि सही करणारा बादशहाच असावा लागतो असेही नाही. नातवाच्या वहीवर, सुनेच्या स्वयंपाकावर, रुग्णाच्या बोलण्यावर आपण सगळेच दिवसभर अभिप्राय लिहीत असतो.

बादशाही संग्रहाचा मोठा भाग चीनमधल्या यादवीत १९४८-४९ साली तैवानला हलवला गेला. मोठा तुकडा त्यात गेला. लहान तुकडा हांगझोऊच्या संग्रहालयात, मुख्य भूमीवर. एकाच चित्राचा एक भाग सामुद्रधुनीच्या या तीराला, दुसरा त्या तीराला. दोन्हीकडची सरकारे एकमेकांना मानत नाहीत. २०११ साली तैपेईत दोन्ही तुकडे एकत्र प्रदर्शित झाले. जळालेला मधला भाग अर्थातच परत येणार नव्हता. लोकांनी दोन्हीकडचे डोंगर पाहिले आणि मधला डोंगर मनात जोडून घेतला.

हे बेळगावात, निपाणीत, खानापुरात सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, तो तुम्हाला कळला असेल. १ नोव्हेंबर १९५६ ला नकाशावर एक रेष आली. तिच्याविषयी आपल्या घरांतून काय काय बोलले जाते ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. आज मी त्या वादावर बोलायला उभा नाही, त्यासाठी वेगळी व्यासपीठे आहेत. मला सांगायचे ते एवढेच की नकाशा आणि शान-श्वे ही एकाच जमिनीची दोन चित्रे आहेत. नकाशात रेषा महत्त्वाची असते आणि धुक्याला जागा नसते. राजहंसगड कर्नाटकात, वैजनाथ आणि महिपाळगड महाराष्ट्रात. पण पश्चिमेकडून एकदा पाऊस आला आणि ढग खाली उतरले की कोणता डोंगर कुणाचा हे ढगांना विचारायला कोणी जात नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या वाटा या डोंगरांतून गेल्या, त्या आजही तशाच आहेत. नकाशा लागतोच, कचेरीत त्याशिवाय चालत नाही. पण माणसाने आपली सगळी जमीन नकाशावरच साठवली तर त्याच्याजवळ भांडण्यासाठी पुष्कळ राहते आणि पाहण्यासाठी काही राहत नाही.

हे सगळे परक्यांचे झाले, आपले काय, असा प्रश्न राहतो. आपलेही आहे, आणि फार लांब नाही. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, शाहू महाराजांच्या आश्रयाचे चित्रकार, १९३१ साली वारले. रंकाळा, पंचगंगेचा घाट, कोटीतीर्थ ही त्यांची आवडती ठिकाणे. त्यांनी चिनी चित्रे पाहिली होती असे मी म्हणत नाही. पण पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, जिथे उजेड हवा तिथे कागद सोडायचा असतो. रंकाळ्याच्या पाण्यावरची सकाळ म्हणजे तिथे सोडलेला कागदच.

कोल्हापूरचेच विनायक मासोजी शांतिनिकेतनच्या कलाभवनात गेले, तिथे शिकले आणि शिकवू लागले. त्यांचे गुरू नंदलाल बोस १९२४ साली रवींद्रनाथांबरोबर चीन-जपानला जाऊन आले होते. १९३९-४० मध्ये श्यू बेहोंग हा मोठा चिनी चित्रकार शांतिनिकेतनात येऊन राहिला. म्हणजे शाई आणि ब्रशची ती भाषा आपल्या माणसांच्या कानांवर पडलेली होती.

आणि वासुदेव गायतोंडे. मूळचे गोव्याचे घराणे, जन्म नागपूरचा, १९२४ चा. शिक्षण मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये, नंतरचे आयुष्य दिल्लीत. २००१ साली निधन. झेन विचाराचा, म्हणजे चीनमधून जपानात गेलेल्या ध्यानमार्गाचा, त्यांच्यावर खोल परिणाम होता. निसर्गदत्त महाराजांच्या खेतवाडीतल्या निरूपणांनाही ते जात. वर्षाकाठी मोजकीच चित्रे काढणारा हा माणूस. काढण्यापेक्षा बसून राहण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. १९८४ साली अपघात झाला, पुढे काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी लहान कागदांवर शाईने चित्रे केली. काळ्या खुणा, आणि भोवती पुष्कळ कागद. त्यांत डोंगर नाहीत, पाणी नाही. त्यांना तसे दाखवायचेही नव्हते. पण मा युआनच्या होडीभोवतालचे मौन त्या कागदांवर आहे. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले. शरीर साथ देईना तेव्हा त्यांनी कागद लहान केला आणि काम चालू ठेवले. झोंग बिंगचेही तेच आणि हुआंग गोंगवांगचेही तेच.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगून थांबतो. ही चित्रे पाहायला तैपेईला जायला नको. संग्रहालयांनी त्यांच्या उत्तम प्रतिमा सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. नातवाला सांगा, तो मोबाइलवर पाच मिनिटांत काढून देईल. फान कुआनचा कडा आधी पूर्ण पाहा, मग मोठा करून खाली त्या जनावरांपाशी जा. तिथून वाट धरा. ती झाडांत शिरते, मग दिसत नाही. घाई करू नका. ‘यात आहे काय?’ असे पहिल्या मिनिटाला वाटेल; तेव्हा पडदा बंद न करता आणखी चार मिनिटे थांबा. शेजारी कोणी बसले असेल तर त्यांना लगेच समजावून सांगू नका, त्यांनाही पाहू द्या.

आणि येत्या पावसाळ्यात गच्चीवर जाणे जमले तर पश्चिमेकडे बघा. डोंगर पूर्ण दिसत नसेल तर उत्तमच.